पहिल्या लिपीतला एल

"हात लावू नगंस. नुसतं बघ," बयाबाई म्हणाली आणि तिनं स्वतःच एक घड तळहातावर तोलून वर धरला.

जीनतनं वाकून पाहिलं. घडातले निम्मे मणी देठापाशी तडकले होते. आतला रस बाहेर येऊन चिकट झाला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. शेजारच्या घडाची तीच गत, त्याच्या पलीकडच्याची त्याहून वाईट. माल उतरायला आठवडा राहिला होता. मण्यांत साखर भरली होती, व्यापारी चाखून गेला होता, गोडीचं कौतुक करून गेला होता. तोच व्यापारी काल परत आला, बांधावर उभ्या उभ्या नाक मुरडलं आणि गाडी वळवून निघून गेला. चहालाही थांबला नाही.

"आक्का, पाणी किती लावलं होतं तुमी?"

"पाच मिनिटं. ह्या दिसांत द्राक्षाला पानी म्हंजी इख, ते मला ठावं न्हाई व्हय? तुज्याच पेटीवर पाच दाबलं. पेटीबी म्हनली, पाच. आन् आता हितं पाय घालून बघ. घोटा बुडतुय."

खरंच बुडत होता. जीनतच्या चपला चिखलात रुतल्या होत्या आणि त्या काढायच्याही तिला सुचत नव्हतं.

ती पेटी मोटरीच्या खोलीच्या भिंतीवर होती. सांगलीजवळ, कुपवाडच्या एमआयडीसीत हंबीररावांचा छोटा कारखाना होता, तिथं ती बनली होती. द्राक्षाच्या प्रत्येक ओळीला वेगळा व्हॉल्व्ह. बागायतदारानं फक्त मिनिटं दाबायची. पेटी एकेक ओळ उघडणार, तेवढा वेळ पाणी देणार, बंद करणार, की पुढची ओळ. माणसानं रात्री-बेरात्री साप-विंचवात हिंडायचं कारण नाही. पेटीच्या पोटातला प्रोग्रॅम जीनतनं लिहिलेला, आणि ही पेटी घ्या म्हणून बयाबाईच्या दाराशी येऊन गळ घालणारीही जीनतच.

बयाबाईचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागं फिरणारं. नागजच्या पलीकडच्या या माळावर कालव्याचं पाणी आलं तेव्हा तिनं कळप कमी करत आणला आणि बाग धरली. मेंढरं राखणारीला द्राक्षातलं काय कळतंय, असं भावकीतले लोक तिच्या तोंडावर म्हणाले. तिनं वाद घातला नाही. छाटणीची कात्री हातात घेतली आणि दोन हंगामांत अशी बाग आणली की तीच भावकी रोपं मागायला आली. या बागेवर तिचा जीव होता आणि जीवापेक्षाही जास्त, तिची पत होती.

"बघते मी," जीनत म्हणाली आणि ओळी धरून चालायला लागली.

बागेच्या पार टोकाला चिखल होता. तिथून ती फाटकाकडं परत यायला लागली तसा चिखल कमी होत गेला. मधल्या ओळींत माती नुसती ओलसर होती, तिथले घडही शाबूत होते. त्याच्याही अलीकडं, फाटकाजवळच्या ओळींत जमीन दगडासारखी कडक. पानं मान टाकून बसलेली, मणी सुकत चाललेले. ती थबकली. पुन्हा टोकापर्यंत गेली, पुन्हा परत आली. पाणी कुठं जास्त, कुठं कमी असं वेडंवाकडं झालंच नव्हतं. ओळीचा जितका नंबर, तितकं पाणी. पहिल्या ओळीला एक मिनिट, दहाव्या ओळीला दहा, आणि शेवटच्यांना तासभर धार.

पेटीनं वेळ मोजलीच नव्हती. पेटीनं वेल मोजली होती.

"काय झालं गं?" बयाबाईनं विचारलं.

"अजून सांगता यायचं नाही, आक्का. बघून सांगते."

"सांग. पर खरं सांग. मला गोड बोलून वाटं लावनारी मानसं लय भेटल्यात."

आता ही वेल आणि वेळेची काय भानगड, ते इथंच सांगितलेलं बरं.

जीनत नदाफ मूळची रहिमतपूरची. अब्बांचा गादी कारखाना. कारखाना म्हणजे बाजारपेठेतली एक खोली, एक पिंजायचं यंत्र आणि सगळीकडं उडणारा कापूस. घरात बोलणं वेगळं, शाळेत वेगळं. घरच्या बोलीत ळ नाही. पहिलीत वाचायला उभी केली तेव्हा पोरीनं 'बाल केली खातो' असं वाचलं आणि सगळा वर्ग खिदळला. मुलं हसली त्याचं काही नाही, मुलं हसायचीच. पण बाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या बाईंना बोलावून तिच्याकडून तेच पुन्हा वाचून घेतलं. त्या दिवसापासून ती कापसाच्या ढिगावर बसून जीभ उलटी करकरून ळ घोटायला लागली. केळी, नळी, मोळी, गोळी, शाळा, फळा. वर्ष सरायच्या आत तिचा ळ गावातल्या कुठल्याही पोरीपेक्षा खणखणीत झाला. जे अक्षर दुसऱ्यांना आयतं मिळतं ते तिनं असं कष्टानं कमावलं होतं.

पुढं कॉम्प्युटर आला. इंग्रजीत ळ नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्यांनी त्यावर तोड काढलेली आहे: ल साठी लहान एल, म्हणजे शाळेत ज्याला आपण दुसरी लिपी म्हणायचो त्यातला, आणि ळ साठी मोठा, पहिल्या लिपीतला. जीनतची बोटं त्या सवयीची झालेली. पेटीचा प्रोग्रॅम लिहिताना ओळीच्या नंबराला तिनं नाव दिलं वेल आणि मिनिटांना नाव दिलं वेळ. इंग्रजी अक्षरांत दोन्हींची तीनही अक्षरं तीच, व्ही, ई, एल. फरक एवढाच की वेळेतला एल पहिल्या लिपीतला. यात चूक काहीच नव्हतं. ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला तिच्या नियमांत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं, लहान आणि मोठं अक्षर वेगळं धरलं जाईल.

पण माणसानं लिहिलेलं पेटीतल्या चिपला थेट कळत नाही. मध्ये एक दुभाष्या लागतो, त्याला कंपायलर म्हणतात. दुभाष्यानं सांगितलेलं तसंच्या तसं पोचवावं, आपल्या पदरचं काही घालू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. या दुभाष्याची नवी आवृत्ती आली होती. तिनं वेल आणि वेळ ही नावं एकच समजून दोघांना मिळून एकच खण दिला. त्या खणात आधी बयाबाईची पाच मिनिटं पडली. मग पेटी ओळी मोजायला लागली आणि पाच पुसून तिथं एक आलं, मग दोन, मग तीन. पुढचं बयाबाईच्या बागेत दिसत होतंच.

कारखान्यात पेटी तपासली होती की. पण टेबलावर जोडलेले दोनच व्हॉल्व्ह. दोन्ही उघडले, दोन्ही मिटले, सगळ्यांनी माना डोलावल्या. ते जीनतला डाचत होतंच. नशीब एवढंच की नव्या आवृत्तीचा प्रोग्रॅम अजून एकट्या बयाबाईच्याच पेटीत गेला होता.

सांगलीला परत आल्या आल्या तिनं प्रोग्रॅम उघडून तपासला आणि हे सगळं हंबीररावांपुढं मांडलं. हंबीरराव माणूस म्हणून वाईट नव्हते, असं सगळेच म्हणायचे. दिवाळीला कामगारांना मिठाईचे पुडे स्वतः वाटायचे. प्रदर्शनात स्टॉल लावला की छाती पुढं काढून सांगायचे, "आपली पेटी मराठी बोलती!" त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागं रेलले.

"म्हंजे चूक कुनाची म्हनतीस?"

"कंपायलरची, सर."

"अगं, जगभर वापरत्यात तो. तिकडं जर्मनीत, अमेरिकेत कुनाला घावली न्हाई चूक, आनि तुला कुपवाडात बसून घावली?"

"तिकडं कुणाला ळ लागत नाही, सर."

हंबीरराव हसले. "मग आपल्याला तरी कशाला पायजे? रो म्हन, टाइम म्हन. इंग्लिशमधी नावं दिली असती तर ही वेळ आली असती का?" आपल्याच कोटीवर ते पुन्हा हसले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आनि राग नको धरू, पन तुमच्या लोकांत ळ आनि ल सगळं एकच की गं. तूच कुठंतरी गल्लत केली असशील."

इतकी वर्षं, इतकं शिक्षण, इतके पहिले नंबर, आणि माणूस शेवटी पहिलीच्या वर्गात नेऊन उभं करतो! हंबीरराव स्वतः पाण्याला पानी म्हणत होते, कोणाला कोन म्हणत होते. त्यांचा ण कुठं सांडला हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. त्यांचं ते बोलणं, आणि तिची ती चूक!

"सर," ती म्हणाली, आवाज कापू नये म्हणून एकेक शब्द सुटा करत, "माझ्या लिहिण्यात ळ च्या जागी ळ च आहे. सगळा प्रोग्रॅम उघडून बसा आणि एक जरी चुकलेला दाखवलात तर मी आत्ता राजीनामा देते."

"बरं, बरं. एवढं काय त्यात. नावं बदल, पेटी नीट करून दे, विषय संपव. दहा मिनिटांचं काम हाय."

"आणि बयाआक्कांना काय सांगायचं?"

हंबीररावांनी उत्तर म्हणून फोनच उचलला. बयाबाईच्या मुलाला, बिरदेवला लावला. जीनतला ऐकू जावं म्हणून की काय, स्पीकरवर ठेवला.

"हां बिरदेव, हंबीरराव बोलतोय. आमच्या इंजिनिअरनी पेटी तपासली. पेटी एकदम ओके हाय. तुमच्या आईंचं बोट चुकून भलत्या बटनावर लागलं असनार. वयच हाय रं गड्या, व्हायचंच. पुढच्या हंगामाला बघू आपन काय सवलत द्यायची ते."

पलीकडून बिरदेवचा आवाज आला, दमलेला. "मी कवाधरनं सांगतुय तिला, नगं हात लावत जाऊ म्हनून. ऐकतच न्हाई."

फोन बंद झाला.

"हे खोटं आहे, सर."

"खोटं न्हाई, धंदा हाय. पेटीची चूक म्हटलं की उद्या सगळ्या पेट्या माघारी येत्यात. ह्या कारखान्यावर किती चुली पेटत्यात, बघ जरा. तुझीबी त्यातच हाय."

तिथं जीनत गप्प बसली. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. रहिमतपूरला अब्बांचं यंत्र आता आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच फिरत होतं. लोक तयार फोमच्या गाद्या घेत होते. तिनं स्वतःची समजूत घातली की आधी पुरावा हातात येऊ दे, मग आक्कांकडं जाऊ. नुसत्या तोंडच्या शब्दाला कोण विचारतं! कंपायलरची जुनी आवृत्ती वापरून तिनं प्रोग्रॅम पुन्हा तयार केला आणि कारखान्याच्या माणसानं तो जाऊन बयाबाईच्या पेटीत बसवला. नावं मात्र बदलली नाहीत. नावं बदलली असती तर ती नावंच चुकीची होती असं झालं असतं, आणि ते तिला मरेपर्यंत मान्य नव्हतं.

त्या कंपायलरचं एक बरं होतं. तो सगळ्यांसाठी उघडा होता. कुणीही वाचावा, चूक दिसली तर कळवावी, जमलं तर दुरुस्त करून पाठवावी. जीनतनं चूक कळवली. दोन ओळींचा प्रोग्रॅम सोबत जोडला, वेल आणि वेळ घालून. त्याची देखभाल करणाऱ्यांपैकी योनास नावाच्या माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. गोड शब्दांत लिहिलं होतं: फक्त एका अक्षराच्या लहान-मोठेपणावर दोन नावं वेगळी ठेवणं ही चांगली सवय नव्हे. कृपया अर्थपूर्ण इंग्रजी नावं वापरावीत. तक्रार बंद करत आहोत.

अर्थपूर्ण! म्हणजे वेळेला अर्थ नव्हता आणि वेलीलाही नव्हता.

जीनत तेव्हा रविवारची म्हणून रहिमतपूरला आली होती. दुकानाच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं तो असा आपटून मिटला की आत गादीला टाके घालणारे अब्बा सुई हातात घेऊन बाहेर आले.

"क्या हुआ गे? इत्ता गुस्सा कायकू?"

तिनं सगळं सांगितलं. हंबीरराव काय म्हणाले तेही सांगितलं. अब्बांनी कापसाचे तंतू दाढीतून काढत ऐकून घेतलं. हंबीररावांच्या त्या वाक्याचं त्यांना नवल वाटलं नाही. तसली वाक्यं त्यांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकली होती. त्यांनी वेगळंच विचारलं.

"और वो अंगूरवाली बाई? उसको बोली क्या तू?"

जीनतनं मान हलवली. नाही.

"हं," अब्बा म्हणाले आणि आत जाऊन पुन्हा टाके घालायला लागले. त्यापेक्षा ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तिनं लॅपटॉप उघडला आणि योनासला लिहायला घेतलं. सौम्य लिहायचं ठरवलं होतं, तसं जमलं नाही. आमच्या भाषेत ळ नावाचं अक्षर आहे, तिनं लिहिलं. तुमच्या लिपीत त्याला जागा नाही, म्हणून आम्ही तुमच्या मोठ्या एलला ते काम दिलं आहे. वेल म्हणजे द्राक्षाची वेल. वेळ म्हणजे तिला पाणी द्यायची वेळ. तुमच्या दुभाष्यानं दोन्ही एकच समजली आणि एका बाईची बाग बुडाली. मी कुठली नावं ठेवावीत हे तुम्हाला विचारलेलं नाही. लहान-मोठं अक्षर वेगळं धरू, हा नियम तुमचा आहे, तुमच्याच पहिल्या पानावर आहे. तो पाळायचा नसेल तर आधी तिथून पुसा आणि मग मला सवयी शिकवा.

पाठवून झाल्यावर नुसती उत्तराची वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं कंपायलरच उघडला आणि वाचायला घेतला. कुणी कुणी केव्हा केव्हा लिहिलेलं ते अवाढव्य काम. त्या आठवड्यात कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, एसटीत, जमेल तिथं ती ते वाचत होती. गुरुवारी ती जागा सापडली. नावं लवकर शोधता यावीत म्हणून कुण्या हुशार माणसानं ती सगळी दुसऱ्या लिपीत उतरवून तक्त्यात मांडायची युक्ती केली होती. शोधायला ते ठीक होतं. पण पुढं खण वाटतानाही तोच तक्ता वापरला गेला होता, आणि तिथं कुणाला आठवण राहिली नव्हती की आपण नावांचे मोठे एल मारून टाकले आहेत. दुरुस्ती एका ओळीची होती. एका ओळीसाठी बयाबाईची बाग गेली होती.

दुरुस्ती पाठवताना सोबत चाचणीही जोडायची असते, म्हणजे पुन्हा कुणी तीच चूक केली तर लगेच कळतं. तिनं चाचणीत वेल आणि वेळ घातली. तेवढ्यावर भागलं नाही म्हणून माल आणि माळ घातली, काल आणि काळ घातला. पिंजलेल्या कापसावर बसून घोटलेले सगळे शब्द आज असे कामाला आले.

योनासचं उत्तर या वेळी छोटं होतं. 'तुमचं बरोबर आहे. नियम आमचा आणि मोडलाही आम्हीच. बागेचं वाचून वाईट वाटलं. त्या बाईंना आमच्या वतीनं सांगाल का?' दुरुस्ती स्वीकारली गेली. चाचणीतले शब्द जसेच्या तसे राहिले. आता जगाच्या पाठीवर कुठंही तो कंपायलर नव्यानं बांधला जाताना आधी वेल आणि वेळ वेगळ्या आहेत ना, हे बघूनच पुढं जाणार होता. जीनत खुर्चीवरून उठली आणि कारखान्याच्या अंगणात जाऊन एकटीच हसली.

तिनं ही गोष्ट फक्त शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगितली. पण बातमी हंबीररावांपर्यंत जायला कितीसा वेळ लागणार! सोमवारी ती कामावर आली तर फाटकावर फ्लेक्स. तिचा ओळखपत्रावरचा फोटो फुगवून लावलेला, शेजारी हंबीररावांचा त्याहून मोठा. 'जगाची चूक शोधणारी आपली पेटी!' आत खुर्च्या मांडलेल्या, स्थानिक पेपरचा वार्ताहर हजर, समोसे आलेले. हंबीररावांनी तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईक घेतला.

"परदेशातल्या भल्याभल्यांना जे दिसलं न्हाई, ते आमच्या पोरीनं कुपवाडात बसून शोधलं! का? कारन आमची पेटी मराठी हाय! ळ चा मान आपन ठेवायचा न्हाई तर कुनी ठेवायचा?"

टाळ्या पडल्या. जीनत शाल सावरत त्यांच्या जवळ सरकली.

"सर, आता बिरदेवला फोन करा. चूक कुणाची ते आता जगाला माहीत झालंय."

"अगं, ते मिटलंय की." माईकवर हात ठेवून हंबीरराव पुटपुटले. "कशाला उकरून काढायचं? हस जरा, फोटो काढतोय तो."

म्हणजे चूक सापडली त्याचा मान कंपनीचा, आणि चूक घडली त्याचा दोष म्हातारीचा! जी चूक फ्लेक्सवर चढली, माईकवरून गाजली, उद्या पेपरात छापून येणार, ती नागजच्या त्या माळावर तेवढी अजून बयाबाईच्याच बोटाची होती. जीनतला शालीची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची आली. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि पुराव्याच्या नावाखाली ती थांबली होती.

तिनं शाल काढून खुर्चीवर घडी करून ठेवली, वर नारळ ठेवला.

"कुठं चाललीस?"

"आक्कांकडं."

"जीनत, विचार कर हं. आज तिकडं गेलीस तर उद्या हिकडं यायचं कारन न्हाई."

"बरं, सर," ती म्हणाली आणि वार्ताहर बघत असतानाच फाटकाबाहेर पडली.

पंढरपूरच्या एसटीनं ती नागज फाट्यावर उतरली आणि पुढं रिक्षानं बागेत आली. शेवटच्या ओळींतले घड कापून बांधालगत टाकले होते. दारूसारखा आंबूस वास सुटला होता आणि भावकीतल्या कुणाची तरी मेंढरं त्या ढिगात तोंड घालून खात होती. बयाबाई मधल्या ओळीत खुरपत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"आक्का, मी जीनत."

"आलीस व्हय. बस."

मोटरीच्या खोलीच्या भिंतीवरच्या पेटीला कडी घालून कुलूप लावलेलं होतं. जीनतनं तिकडं पाहिलेलं बयाबाईच्या ध्यानात आलं.

"बिरदेवानं लावलंय. बरंच केलं. माजंच बोट लागलं गं. लय आटवून बगितलं म्या. पाचच दाबलं असं वाटतंय, पर आता माजाच मला भरवसा न्हाई. काल सुनंला म्हनलं, गॅस तूच लाव बाई. माज्या हातनं काय हुईल, नेम न्हाई."

जीनत चिखल वाळून घट्ट झालेल्या मातीत खाली बसली.

"आक्का, तुमी पाचच दाबलं होतं."

खुरपं थांबलं.

"तुमचं बोट कुठं लागलं नव्हतं. पेटीचं चुकलं. तिला वेळ आणि वेल यातला फरकच कळंना झाला होता. पाच मिनिटं दे म्हटलं तर तिनं ओळीचा नंबर धरला. पहिल्या ओळीला एक मिनिट, दुसरीला दोन. म्हणून शेवटच्या ओळी बुडाल्या."

"आन् म्हनूनच फाटकाजवळच्या वाळल्या," बयाबाई हळूच म्हणाली. बाग तिची होती. तिनं तेही पाहिलेलं होतं, ऐकून घ्यायला मात्र कुणी नव्हतं. "म्या बिरदेवाला म्हनलं, आरं, माजं बोट लागलं तर समद्या ओळी बुडायला पायजेत. तर म्हनतुय, आये, तू गप बस."

मेंढरांच्या खाण्याचा आवाज येत होता. मग बयाबाईनं पहिल्यांदाच तिच्याकडं सरळ पाहिलं.

"तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी. इथंच, ओळीतनं चालताना."

"आन् इतकं दीस तू गप बसलीस?"

"व्हय, आक्का."

सबब म्हणून सांगण्यासारखं तिच्यापाशी बरंच होतं. नोकरी होती, अब्बांचं बंद पडत चाललेलं यंत्र होतं, कंपायलर होता, योनासचा निरोप होता. त्यातलं एकही तिनं पुढं केलं नाही. बयाबाईचा चेहरा रागानं आवळून आला होता आणि तो राग तिच्या हक्काचा होता.

"म्या येडी झाली म्हनून पोरानं कुलूप घातलं," बयाबाई म्हणाली. "आन् म्या बी ते मानलं. आगं, मेंढरामागं रानोमाळ फिरलीया म्या, अंधारात लांडग्याच्या डोळ्याला डोळा दिलाय. आन् एका बटनाला भ्याले!"

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. घराकडं तोंड करून तिनं हाक मारली. रानभर जाईल अशी.

"बिरदेवाऽ! किल्ली आन!"

बिरदेव बनियनवरच धावत आला. जीनतला बघून चपापला. "काय झालं? आये, आता कशाला ती..."

"किल्ली."

"आगं पर..."

"तुला काय इचारलं न्हाई. किल्ली आन म्हनलं."

त्यानं खिशातून किल्ली काढली. बयाबाईनं ती घेतली आणि कुलूप काढलं. पदरानं हात कोरडा पुसला, एकेक बोट. पेटीचं झाकण उघडून तिनं पाच दाबलं आणि आकडा दिसतोय ना ते वाकून पाहिलं. मोटर सुरू झाली.

बिरदेवनं किल्लीसाठी हात पुढं केला. तिनं तो बघितलाच नाही. किल्ली कनवटीला लावली आणि फाटकाजवळच्या पहिल्या ओळीपाशी जाऊन, नळीतून पाणी यायची वाट बघत, उन्हात ताठ उभी राहिली.